इचासो की इक्सासो

मुलीचं नाव काय ठेवायचं हे डार्विन इन्त्रियागोने एकट्याने ठरवलं. जन्मनोंदणी होईपर्यंत ते कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही, हेही त्याने एकट्यानेच ठरवलं. पहिल्या निर्णयात फारसं वावगं काही नव्हतं. घोटाळा केला तो दुसऱ्या निर्णयाने.

एवढी गुप्तता कशासाठी, असं ज्याला वाटेल तो मान्ता बंदरात राहिलेला नाही हे उघड आहे. इथे शेजारच्या घरात नवीन नाव ऐकू आलं की लोक वाटीभर साखर न्यावी तसं ते नेतात, आणि साखरेसारखंच परत करत नाहीत. डार्विनच्याच वर्गात चार डार्विन होते. एक जाडा डार्विन, एक डावखुरा डार्विन, एक डॉक्टरांचा डार्विन. याच्यात सांगण्यासारखं काही नसल्यामुळे मास्तर याला ‘आणि तो डार्विन’ म्हणायचे. ज्याने सहा वर्षं ‘आणि तो’ म्हणून काढली, त्याने आपल्या मुलीसाठी जगावेगळं नाव शोधलं तर त्याला हसू नये.

नाव सापडलं ते कचेरीच्या कामात. डार्विन बंदराच्या कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींची नोंद ठेवायचा. स्पेनमधल्या बास्क लोकांची एक ट्यूना पकडणारी बोट धक्क्याला लागली, आणि तिच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत नाव होतं: Itxaso. मधोमध ‘त’चं आणि ‘क्स’चं अक्षर एकमेकांना खेटून बसलेलं. डार्विनने ते मनातल्या मनात चार वेळा वाचलं आणि चारही वेळा शिंक आल्यासारखं वाटलं.

“याचा उच्चार काय हो?” त्याने कठड्याला टेकून सिगारेट ओढणाऱ्या खलाशाला विचारलं. तो कोल्दो नावाचा धिप्पाड गडी होता.

“इचासो,” कोल्दो म्हणाला. “आमच्या भाषेत ती दोन अक्षरं मिळून ‘च’ होतो. इचासो म्हणजे समुद्र.”

“बाईचं नाव?”

“बाईचंच की.”

समुद्र! आणि मुलगी जन्मणार होती ती समुद्राकाठी. डार्विनच्या अंगावर काटा आला. त्याने खिशातली छोटी वही काढली आणि नोंद केली. आता ज्या माणसाचा जन्म नोंदी करण्यात गेला, तो नुसतं नाव लिहून थांबत नाही. त्याने लिहिलं: ‘Itxaso. मंगळवार, सकाळी साडेदहा, दुसरा धक्का.’ आणि खाली, स्वतःला बजावण्यासाठी: ‘आरासेलीला कळता कामा नये.’ या शेवटच्या ओळीखाली त्याने दोन रेघा मारल्या. कामात तो चोखच होता.

आरासेली म्हणजे त्याची बायको. प्राथमिक शाळेत शिकवायची, सध्या आठवा महिना लागल्यामुळे रजेवर होती. तिच्या मदतीला तिची आई, जिला सगळे आदराने दोन्या मेल्बा म्हणत, गावाहून एक पोतं हिरवी केळी आणि दोन जिवंत कोंबड्या घेऊन आली होती. कोंबड्या पहिल्या आठवड्यात संपल्या. दोन्या मेल्बा राहिल्या.

तीन आठवडे सुखात गेले. मग एका शनिवारी डार्विन केस कापायला बसला असताना न्हावी माएस्त्रो क्लेबेर कात्री चालवता चालवता म्हणाला, “कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला नातू झाला, कळलं ना? नाव काय ठेवलंय सांग बघू! इक्सासो!”

डार्विन खुर्चीतून उडाला. कानाला कात्री लागली ती लागलीच.

“हलू नकोस रे बाबा! कान एकदाच मिळतो.”

“काय नाव म्हणालात?”

“इक्सासो. एकदम नवं आहे. या भागात कुणाचं म्हणून नाही.”

“पण आलं कुठून हे नाव?”

“लोक बोलतात.”

“कोण लोक?”

“लोक रे! लोक म्हणजे काय, नावानिशी सांगू का?” माएस्त्रोने कानावर तुरटी दाबली. “बसत नाहीस धड, आणि चौकशा पोलिसाच्या.”

डार्विन कानाला हात लावून घरी आला तो सुन्न होऊन. शिवाय नातू! त्याचा समुद्र कुणीतरी एका पोराला चिकटवला होता. सोमवारी बेकरीवालीच्या भाच्याचं नाव इक्सासो ठेवल्याची बातमी आली. गुरुवारी मासळीच्या कारखान्यातल्या मुकादमाच्या घरी तिसरा इक्सासो निघाला. तिसऱ्याच्या वेळी पाव घ्यायला गेलेल्या डार्विनला बेकरीवाली कौतुकाने म्हणाली, “पसरलं हो आमचं नाव!” आमचं! डार्विनने पाव घेतलाच नाही.

कुणीतरी फितूर झालं होतं. डार्विनने शांत डोक्याने विचार करायला घेतला, आणि कौतुकाची गोष्ट ही की त्याचा पहिला निष्कर्ष अगदी अचूक निघाला. सगळे ‘इक्सासो’ म्हणत होते. ‘इचासो’ कुणीच म्हणत नव्हतं. म्हणजे चोराने नाव ऐकलेलं नव्हतं, वाचलेलं होतं. म्हणजे चोराने वही पाहिली होती! इथवर पोहोचल्यावर डार्विनला स्वतःविषयी इतका आदर वाटला की पुढचा विचार करायचा तो विसरला.

वही कुणाकुणाच्या नजरेला पडू शकते? कचेरीत शेजारच्या टेबलावर होमेरो बसायचा. गोड बोलणारा, आणि गोड बोलणारा माणूस गोड का बोलतो हा प्रश्न डार्विनला आठ वर्षांत पहिल्यांदाच पडला. दुसरा माएस्त्रो क्लेबेर. दाढी करताना वही त्याच्या आरशाखाली ठेवलेली असायची, आणि आरशासमोर दिवसभर उभा राहणारा माणूस काय काय बघत असेल! तिसऱ्या दोन्या मेल्बा. घरच्या माणसावर संशय घेणं डार्विनला हलकटपणाचं वाटत होतं, म्हणून त्याने त्यांना यादीत शेवटी ठेवलं.

आणि घरातही काहीतरी शिजत होतंच. तो आत आला की दोघी बोलायच्या थांबायच्या. आरासेली त्याच्याकडे पाहायची ती भिंतीवरचा ओलावा पाहावा तशी. रविवारच्या माशाच्या सुपात त्याच्या वाडग्यात मासा नव्हता, नुसता कांदा तरंगत होता. “मासा संपला,” दोन्या मेल्बा म्हणाल्या, आणि स्वतःच्या वाडग्यातल्या माशाचा काटा काढू लागल्या. डार्विनने मनाशी नोंद केली: अपराधी माणूस असाच वागतो.

मग त्याने सापळा लावला. प्रत्येक संशयिताला एक वेगळं खोटं नाव द्यायचं, आणि कुठलं नाव बाहेर फुटतं ते पाहायचं. नावं त्यानेच बनवली. त्यात त्याची एक संध्याकाळ गेली, आणि खरं सांगायचं तर त्याला मजाही आली.

होमेरोला त्याने जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेतलं. “एक नाव सांगतो. पोटात ठेव. उल्वारिया.”

होमेरोच्या हातातलं भरलं केळं तसंच राहिलं. “कोण?”

“वेळ आली की सगळ्यांनाच कळेल. आरासेलीला तर मुळीच कळू देऊ नकोस.”

“डार्विन,” होमेरो खालच्या आवाजात म्हणाला, “विचार केलायस ना नीट? अशा दिवसांत?”

“अशाच दिवसांत तर विचार करायचा असतो,” डार्विन म्हणाला. होमेरोने त्याचा हात एकदा दाबला आणि उरलेलं केळं न खाता निघून गेला. हा गोडवा डार्विनला संशयास्पद वाटला.

माएस्त्रो क्लेबेरला त्याने ‘झेनोबिला’ दिलं. माएस्त्रो हसला आणि म्हणाला, “शाबास! मला वाटलं होतं तू अगदीच हा आहेस.” सासूबाईंना तोंडाने सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून धुवायच्या पँटच्या खिशात एक चिठ्ठी ठेवून दिली: ‘ब्रुमेल्दा’.

नंतरच्या शनिवारी दुपारी तो घरी आला तर दाराशी आरासेलीची सुटकेस उभी होती. आरासेली खुर्चीत बसली होती, सुजलेले पाय स्टुलावर. शेजारी दोन्या मेल्बा, हातात सुपाचा मोठा डाव.

“बस,” आरासेली म्हणाली. तो बसला. “कोण आहे ती?”

“कोण कोण?”

“आता कोण कोण विचारतोय!” दोन्या मेल्बा डाव उगारून म्हणाल्या. “चौघी आहेत, त्यांतली कुठली म्हणून सांगेल! उल्वारिया, ती होमेरोच्या बायकोकडून कळली. झेनोबिला, ती न्हाव्याकडच्या सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. ब्रुमेल्दा मला तुझ्या पँटीत सापडली. आणि सगळ्यांच्या आधीची, इक्सासो!”

दुसऱ्या कुणाच्या छातीत या क्षणी धडकी भरली असती. डार्विन खुर्चीतून उठला, त्याचा चेहरा उजळला आणि तो ओरडला, “म्हणजे तुम्हीच!”

याहून वाईट वाक्य त्या वेळी दुसरं सापडलं नसतं.

“बघितलंस? कबूल करतोय!” दोन्या मेल्बा लेकीला म्हणाल्या. “हो, मीच! मीच पाहिली तुझी वही. तीन आठवडे झाले. इक्सासो, मंगळवार, साडेदहा, दुसरा धक्का, आरासेलीला कळता कामा नये! दोन रेघा! अरे निर्लज्जा, रेघा कसल्या मारतोस? सतरा घरं पालथी घातली मी, इक्सासो नावाची बाई कुठे राहते म्हणून. सतरा! घरात तमाशा नको, पोरीला दिवस भरत आलेत, म्हणून एकटी उन्हातान्हात वणवण फिरले.”

“सतरा घरं!” डार्विन मटकन खाली बसला. “सतरा घरांत तुम्ही हे नाव घेतलंत?”

“घेतलं! आणि जिकडे तिकडे एकच. बाई माहीत नाही म्हणे, पण नाव काय छान आहे!”

मग डार्विनने सगळं सांगितलं. मुलीचं नाव, बोट, खलाशी, फितुरी, सापळा. सांगता सांगता त्याच्या लक्षात येत गेलं की हे आपल्यालाच पटत नाहीये. आरासेलीने त्याचं सगळं बोलणं संपू दिलं. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळणारी बाई, खोटं बोलणाऱ्याला पूर्ण बोलू देण्याची तिला सवय होती.

“मुलीचं नाव,” ती शेवटी म्हणाली, “मुलीच्या आईपासून लपवतं कोण?”

इतक्या दिवसांत हा प्रश्न डार्विनला पडलाच नव्हता.

“तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता,” तो पुटपुटला.

“दिलास की,” ती म्हणाली आणि सुटकेसकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तेव्हा कुठे डार्विनला नावाची चोरी, सापळा, फितूर या सगळ्याचा विसर पडला आणि तो खरा घाबरला. ही बाई खरंच उठून जाईल, आणि आपण या घरात चार खोट्या बायकांसोबत राहू.

“ती बोट कालच परत आली आहे,” तो म्हणाला. “दुसऱ्या धक्क्यावर आहे. चल, तुझ्या डोळ्यांनी बघ. खोटं निघालं तर तिथूनच जा. सुटकेस मी स्वतः उचलतो.”

टॅक्सीत पुढे सासूबाई, मांडीवर डाव, तो ठेवायचं भान त्यांना राहिलं नव्हतं. मागे आरासेली, तिच्यानंतर सुटकेस, आणि दाराला चिकटून डार्विन. धक्क्यावर बोटीची पाठ समोर आली तशी दोन्या मेल्बांनी चष्मा लावला, एकेक अक्षर मोठ्याने वाचलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. “बोट!” त्या म्हणाल्या. सतरा घरं हिंडून बाई न सापडल्याचा थोडा रागही त्यात होता.

कठड्यावर कोल्दो होताच. डार्विनने त्याला ओरडून सांगितलं, “हिला सांगा हो, याचा उच्चार काय ते!”

“इचासो,” कोल्दो खाली वाकून आरासेलीला म्हणाला. “नाव आवडलं का बाई? माझ्या बायकोचं तेच आहे. धाकट्या मेहुणीचं पण तेच. आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचं. आमच्या गावच्या बाजारात इचासो म्हणून हाक मारली तर अर्ध्या बायका वळून बघतात.”

डार्विन दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसला. एकमेव नाव! इथे पोराला लागलेलं, तिथे अर्ध्या बाजाराचं.

आणि आरासेली हसायला लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. पोट धरून, टॅक्सीच्या दाराला टेकून, डोळे पुसत हसली. दोन्या मेल्बा डाव हातात घेऊन इकडे तिकडे बघत राहिल्या.

“जाऊ दे,” डार्विन घरी परतताना म्हणाला. “दुसरं शोधू. हे नको आता.”

“खबरदार,” आरासेली म्हणाली. “तीन आठवडे मी या बाईशी मनात भांडतेय. तिचे केस कसे असतील, ती हसत कशी असेल, तू तिच्याकडे कुठल्या खुर्चीवर बसत असशील, सगळं मी ठरवलं होतं. रात्रंदिवस तीच डोक्यात. आणि आता कळतंय की ती माझ्याच पोटात होती. दुसरं नाव ठेवलं तर हिला मी काय सांगू?”

डार्विनने मांडीवरची सुटकेस थोडी घट्ट धरली.

मुलगी अकरा दिवसांनी झाली. काळे दाट केस, आणि बापाकडे पहिल्यांदा पाहिलं तेच भुवई चढवून. नोंदणी कचेरीतल्या बाईंची भुवईही तशीच चढली.

“नाव ओ-वर संपतंय,” बाई म्हणाल्या. “म्हणजे मुलगा.”

“मुलगी आहे. दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय.”

“कागदावर मुलगी आहे, नावात मुलगा आहे. दोन्हींतलं एक बदलून आणा.” बाईंनी संगणकात पाहिलं. “शिवाय तुमचं स्पेलिंग चुकलंय. आमच्याकडे आधीचे चार इक्सासो आहेत. त्यांत हा ‘त’ कुठेच नाही. टायपिंगची चूक दिसते. काढून टाकू?”

“हात लावू नका त्या ‘त’ला!” डार्विन ओरडला. रांगेतले लोक कुजबुजायला लागले.

बाईंनी नाव बायकांचं असल्याचा पुरावा मागितला. डार्विन बंदरावर धावला आणि कोल्दोच्या सहीचं, बोटीच्या शिक्क्याचं पत्र घेऊन आला. बाईंनी ते दोनदा वाचलं. “या पत्रावरून बोटीचं नाव इचासो आहे एवढं सिद्ध होतं. बोट बाई आहे याचा कागद कुठाय?”

तिसऱ्या खेपेला आरासेली बाळाला घेऊन आली आणि सोबत दोन्या मेल्बा. त्यांनी जावयाला कोपराने बाजूला सारलं आणि काउंटरवर दोन्ही हात टेकले.

“बाई, ऐका. या नावाची बाई शोधत मी सतरा घरं फिरले. माझ्या जावयाची ठेवलेली बाई आहे असं समजून. सतरा घरांत एकानेही विचारलं नाही की ती बाई आहे की पुरुष. नाव ऐकल्याबरोबर सगळ्यांना पटलं.”

बाईंनी चष्म्यावरून डार्विनकडे पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. आणि मुकाट्याने ‘मुलगी’ असं नोंदलं, ‘त’सकट. डार्विनला हवं ते मिळालं होतं, पण त्या नजरेने त्याचा आनंद पार करपून गेला.

दोन महिन्यांनी बाळाला लस टोचायला ते सरकारी दवाखान्यात गेले. बाकावर औषधवाल्याची बायको आपल्या गुटगुटीत नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. नर्सने दार उघडून पुकारलं, “इक्सासो इन्त्रियागो!”

“इचासो,” डार्विन उठून नम्रपणे म्हणाला. “उच्चार इचासो.”

“अहो साहेब,” नर्स म्हणाली, “या भागात पाच जण आहेत. सगळे इक्सासो. तुम्ही एकटेच काहीतरी वेगळं म्हणताय. स्वतःच्या मुलीचं नाव तरी नीट म्हणायला शिका!”

“मी तर म्हणते,” औषधवाल्याची बायको बाकावरून बोलली, “पहिलं नाव आमच्या घरात ठेवलं. आमच्यावरून घेतलंत, त्याचं काही नाही. पण घ्यायचं तर नीट तरी घ्यावं.”

डार्विनच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. आयुष्यात त्याच्यावर पुष्कळ आळ आले होते, पण स्वतःच शोधलेलं नाव चोरल्याचा आळ पहिलाच. त्याने बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी दोन्या मेल्बा उठल्या.

“इक्सासो मी केलंय!” त्या सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या. “चष्मा नव्हता माझ्या डोळ्यांवर. चुकीचं वाचलं आणि सतरा घरांत तसंच सांगितलं. तुमच्या घरीसुद्धा मीच आले होते, आठवतंय ना? खरं इचासोच आहे.”

डार्विनला सासूबाईंविषयी जन्मात पहिल्यांदा माया दाटून आली.

“असं?” औषधवाल्याच्या बायकोने विचारलं. “आणि तुम्हाला कुठे सापडलं हे नाव?”

“जावयाच्या खिशात,” दोन्या मेल्बा म्हणाल्या.

सगळ्या बाकांवरच्या सगळ्या बायकांनी माना वळवून डार्विनकडे पाहिलं. मग आरासेलीकडे. मग पुन्हा डार्विनकडे. कुणीतरी जिभेने च्‌ च्‌ केलं. “बिचारी,” मागून आवाज आला. डार्विन काही खुलासा करणार होता, पण आरासेलीने त्याचा दंड धरला आणि त्याला आत ओढलं. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती.

आत नर्सने कार्ड घेतलं. “नाव सांगा.”

आरासेलीने डार्विनकडे पाहिलं. “तू सांग.”

“इचासो,” तो म्हणाला. नर्सने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तो उलट्या बाजूने वाचायला वाकला, पण तेवढ्यात सुई टोचली गेली आणि मुलीने असा काही टाहो फोडला की त्याचं कार्डावरचं लक्ष उडालं. ती लालबुंद होऊन रडत होती. आरासेलीने तिला छातीशी धरलं, डार्विनने तिची इवलीशी टाच हातात घेतली, आणि दोघंही एकाच वेळी एकाच सुरात समजूत घालायला लागले, “इचासो, ए इचासो, झालं गं, संपलं, इचासो!”

दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर औषधवाल्याची बायको नातवाला थोपटत शेजारणीला म्हणाली, “ऐकलंत? अजून चुकीचंच म्हणतायत.”